अष्टमीला उतरलेले इंग्रज

1674 च्या मे महिन्यात मुंबईहून निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची एक वकिलात चौलला थांबून कुंडलिकेच्या खाडीत शिरली आणि भरतीच्या पाण्यावर अष्टमीपर्यंत आली. नदीच्या एका काठाला अष्टमी, दुसऱ्या काठाला रोहे. तिथे होड्या सोडायच्या आणि पुढे निजामपूर, गांगवली करत पायवाटेने पाचाड गाठायचे, असा त्या काळचा समुद्राकडून रायगडाकडे जाण्याचा सरळ मार्ग होता. वकिलातीचा मुख्य हेन्री ऑक्झिंडेन. त्याच्यासोबत कंपनीचे आणखी दोघे इंग्रज होते आणि बोलणी नारायण शेणवी या दुभाष्यामार्फत व्हायची होती. रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची तयारी चालली होती. या मंडळींनी त्या प्रवासाची आणि गडावरच्या मुक्कामाची नोंद ठेवली, म्हणून ती आज इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. मात्र या नोंदीत अष्टमी येते ती जवळजवळ नावापुरती, तेही इंग्रजी कानाने ऐकलेले वेडेवाकडे नाव. बंदर कसे होते, माणसे काय नेसत होती, बाजारात काय विकत होते, खाडीकाठी कोण राहत होते, यातले काही नाही. तेच प्रवासी रायगडावर पोचले की मात्र खाणे, मानपान, वजने, चिन्हे, कायदे अशा किती तरी गोष्टी त्यांना आपल्याहून वेगळ्या दिसू लागतात.

हा फरक कशामुळे? रायगड भव्य आणि अष्टमी लहान, हे उत्तर अपुरे आहे. प्रवासी लहानसहान गावांबद्दलही भरभरून लिहितात, त्यांना तिथे काही खटकले तर. परक्या मुलखातल्या माणसाला संस्कृतीतला फरक सगळीकडे सारखा दिसत नाही. तो त्याला दिसतो जिथे त्याचे काम अडते तिथे. ज्या चालीरीती त्याच्या वाटेत येत नाहीत त्या डोळ्यांसमोर असूनही तो पाहत नाही. प्रवासवर्णने आपल्याकडे सहसा दोन प्रकारे वापरली जातात. काही जण त्यांना निःपक्षपाती साक्षीदार मानतात, म्हणजे गोरा माणूस म्हणतो म्हणून खरे. काही जण ती परक्यांची, पूर्वग्रहाने भरलेली म्हणून बाजूला सारतात. दोघेही त्या प्रवाशाला तो इथे कशाला आला होता हे विचारत नाहीत. ते विचारले की पेण-रोह्याच्या पट्ट्याबद्दल परक्यांनी लिहिलेले आणि न लिहिलेले, दोन्ही वेगळ्या रीतीने वाचता येते.

सर्वांत प्रसिद्ध गोष्ट मांसाची. जॉन फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर त्या वर्षी मुंबईत होता. त्याने आपल्या पुस्तकात सांगितले आहे की गडावरचे लोक तांदूळ आणि डाळ एकत्र शिजवून तुपात घोळलेली खिचडी खातात आणि त्यावरच धष्टपुष्ट होतात. इंग्रजांना ती खिचडी मानवेना. त्यांनी मांस मागितले आणि त्यांच्यासाठी रोज बोकडाच्या मांसाची सोय करून देण्यात आली. ते उकडून, भाजून, रस्सा करून त्यांनी खाल्ले. गडाखाली एक म्हातारा खाटीक होता. मांसाचा खर्च परवडणारे मोजके मुसलमान एवढेच त्याचे गिऱ्हाईक. गेल्या काही वर्षांत विकले नसेल इतके मांस या थोड्या दिवसांत ज्यांनी आपल्याकडून घेतले ते धनी आहेत तरी कसे, हे पाहायला तो खास गड चढून आला, असे फ्रायर लिहितो. मला ही गोष्ट एका कारणासाठी मोलाची वाटते. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्या जागा तिच्यात क्षणभर बदलतात. रायगडाची ती दमछाक करणारी चढण कुणी निव्वळ कुतूहलापोटी चढला असेल, तर तो हा खाटीक. इंग्रज चढले ते तहासाठी.

पण गोष्ट छान आहे म्हणून ती जशीच्या तशी घेता येत नाही. फ्रायर रायगडावर गेलेला नव्हता, त्याने हे परत आलेल्यांकडून ऐकले. त्याचे पुस्तक लंडनला छापले गेले 1698 मध्ये, म्हणजे वकिलातीनंतर चोवीस वर्षांनी. इतक्या काळात गोष्ट थोडी फुगली असणार. खिचडीवर जगणारे लोक हे वर्णनही गडावरच्या कारभारी मंडळींपुरते खरे धरता येईल, मुलखापुरते नाही. हेच इंग्रज ज्या खाडीतून आले तिच्या दोन्ही काठांवर मासळी हे रोजचे खाणे होते, पावसाळ्यासाठी सुकट-बोंबलाची बेगमी होत होती, आणि मराठ्यांपासून आगरी-कोळ्यांपर्यंत बहुतेकांना मांस वर्ज्य नव्हते. वर्ज्य नव्हते, तसे ते रोजचेही नव्हते. देवाला बोकड कापला, लग्नकार्य झाले, पाहुणा आला, की मांस. खरा फरक खाणारे आणि न खाणारे यांच्यात नव्हता. तो सणावारी खाणारे आणि दररोज खाणारे यांच्यात होता. खाटकाने तो बरोबर हेरला, कारण तो त्याच्या धंद्याचा हिशेब होता. फ्रायरला किंवा त्याला सांगणाऱ्यांना तो तसा दिसला नाही. त्यांना दिसली समोर आलेली खिचडी, कारण अडले होते ते त्यांच्या ताटात. अष्टमीला कुणी त्यांना तळलेला मासा वाढला असेल, तर त्याची नोंद होण्याचे कारणच नव्हते.

हे कोकणापुरते किंवा इंग्रजांच्या वसाहतीपुरते आहे असे नाही. याच इंग्रजांचा एक देशबांधव, टॉमस कोरियट, 1608 मध्ये युरोपात भटकत इटलीत गेला आणि 1611 मध्ये त्याने त्या प्रवासाचे पुस्तक छापले. इटलीतली कोणती चाल त्याला सर्वांत वेगळी वाटली? जेवताना काटा वापरण्याची. मांस कापताना ते हाताने धरायचे नाही, काट्याने धरायचे, आणि पंगतीतल्या समाईक ताटाला कुणी बोटे लावली तर इतरांना तो अपमान वाटतो, असे त्याने लिहिले. इंग्लंडात तेव्हा बोटांनीच जेवत. कोरियटने परत जाऊन काटा वापरायला सुरुवात केली तर मित्रांनी त्याची टर उडवली. पुढे हाच माणूस पायी हिंदुस्थानात आला आणि 1617 मध्ये सुरतेला वारला. त्याच्या इटलीच्या नोंदीतही तेच दिसते. व्हेनिसचे कालवे त्याने पाहिले, वर्णिले. पण आपण आणि ते वेगळे आहोत हे त्याला बोचले ते जिथे आपली बोटे ताटात घालण्याची सवय अडली तिथे. दोनशे-सव्वादोनशे वर्षांनी कोकणात आलेल्या साहेबांना हाताने जेवणारे लोक ही पौर्वात्य चाल वाटू लागली, तेव्हा आपल्या पणजोबांना इटालियन लोकांनी याच कारणासाठी नावे ठेवली होती हे त्यांच्या गावी नव्हते.

खाण्यापेक्षा मोठी अडचण तहात होती. 1660 मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात कंपनीच्या लोकांनी सिद्दी जौहरच्या बाजूने तोफ चालवली, त्याची परतफेड म्हणून 1661 मध्ये राजापूरची वखार लुटली गेली. त्याची भरपाई मागणे हे ऑक्झिंडेनचे मुख्य काम होते, आणि 10,000 होनांवर तडजोड झाली. पण दोन कलमांवर घोडे अडले. एक, मुंबईत पाडलेले इंग्रजांचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. त्यावर उत्तर मिळाले की नाणे कसात आणि वजनात चोख असेल तर ते घ्यायला कुणाला मनाई नाही, पण नुकसान सोसून ते घ्या अशी जबरदस्ती रयतेवर करता येणार नाही. दुसरे कलम फुटलेल्या जहाजांचे. किनाऱ्याला लागून फुटलेल्या इंग्रज गलबतांचा माल परत मिळावा, अशी मागणी होती. ती मानली गेली नाही. माणसांना मदत करू, पण किनाऱ्याला लागलेला माल राजाचा हा कोकणचा पूर्वापार कायदा आहे, तो मोडता येणार नाही. शिवाय एकाला दिले की फ्रेंच, डच, पोर्तुगीज सगळेच मागायला येतील. इंग्रजांना ही कोकणी रीत विचित्र आणि अन्यायाची वाटली आणि त्यांनी ती तशी कळवली.

विचित्र ती मुळीच नव्हती. इंग्लंडात फुटलेल्या जहाजावर राजाचा हक्क हा मध्ययुगापासूनचा नियम होता. 1275 च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने त्याला एवढीच मर्यादा घातली की जहाजातून माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत सुटले असेल तर ते फुटलेले जहाज समजू नये. अनेक किनाऱ्यांवर हा हक्क स्थानिक जमीनदारांकडे होता आणि ते तो हट्टाने वापरत. म्हणजे कोकणचा कायदा आणि इंग्लंडचा कायदा यांच्यात तपशिलाचे अंतर होते, जातीचे नव्हते. मग फरक एवढा ठळक का दिसला? कारण इंग्लंडच्या किनाऱ्यावर कंपनीचा माल अडकत नव्हता आणि इथे अडकण्याची भीती होती. उलट बाजूने पाहिले तर ज्या गोष्टीत दोन्ही पक्षांत खरोखर जमीन-अस्मानाचे अंतर होते तिच्याविषयी नोंदीत अवाक्षर नाही. ती गोष्ट म्हणजे तारीख. चौलच्या पोर्तुगीजांनी पोप ग्रेगरीची नवी कालगणना केव्हाच स्वीकारली होती. इंग्रज मात्र जुन्या ज्युलियन पंचांगावर अडून बसले होते आणि 1752 पर्यंत बसून राहिले. त्यामुळे चौलच्या वेशीत आणि वेशीबाहेर थांबलेल्या इंग्रजांच्या वहीत दहा दिवसांचे अंतर होते. पलीकडे रायगडावर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596 चा मुहूर्त धरला जात होता आणि त्याच दिवसापासून नवा राज्याभिषेक शक सुरू होणार होता. तीन समाज, तीन कालगणना. कुणाचे काही अडले नाही, म्हणून कुणी काही लिहिले नाही. आज आपण 6 जूनला जो सोहळा करतो ती तारीख इंग्रजांच्या त्या जुन्या पंचांगाची आहे. आजच्या कालगणनेने मोजली तर ती 16 जून येते.

यावर एक सरळ आक्षेप घेता येईल. ऑक्झिंडेनने केवळ अडचणीच लिहिल्या असे कसे म्हणता? सिंहासन, दरबार, मिरवणूक यांचे वर्णन तो करतो. सिंहासनाच्या एका बाजूला भाल्याच्या टोकांवर लावलेली सोन्याची माशांची मोठी तोंडे, दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या आणि एका भाल्यावर समतोल धरलेला सोन्याचा तराजू, हे त्याला दिसले. दरवाजाशी दोन लहान हत्ती आणि सोन्याच्या साजातले दोन घोडे उभे होते, तेही दिसले. हे त्याच्या कामात कुठे आडवे येत होते? आक्षेप रास्त आहे, पण नोंदी जरा जवळून वाचाव्यात. हत्तींविषयी त्याला काय वाटले? इतक्या अवघड वाटेने हे जनावर वर आणले तरी कसे, याचे आश्चर्य. दोनेक आठवड्यांपूर्वीच त्याच वाटेने धापा टाकत वर आलेल्या माणसाचे ते आश्चर्य आहे. तराजू हे न्यायाचे चिन्ह, असा अर्थ तो लावतो. न्याय मागायलाच तो आला होता. राज्याभिषेकाच्या दिवसांत गडावर किती विधी झाले असतील, पण त्याने आकडे दिले ते कशाचे? महाराजांची सुवर्णतुला झाली ती सुमारे 16,000 होनांची, प्रतापगडच्या भवानीला वाहिलेले सोन्याचे छत्र सव्वा मणाचे. व्यापारी कंपनीच्या नोकराने दुसरे काय मोजावे? त्याने डोळे मिटून घेतले होते असे माझे म्हणणे नाही. पण त्याचे डोळे त्याच्या कामाच्या पाठोपाठ चालत होते.

तर मग अष्टमीच्या मौनाचा अर्थ काय? न लिहिलेल्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, हे मान्य. थकवा असेल, घाई असेल, मुंबईच्या वरिष्ठांना अष्टमीत रस नसेल. पण याच प्रवासात ते चौलला रात्री पोचले तेव्हा पोर्तुगीजांनी शहराचे दरवाजे लावून घेतले होते, आणि बाहेरच्या वस्तीतल्या सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चर्चमध्ये रात्र काढावी लागली, हे त्यांनी नमूद केले आहे. वाटेतले खोळंबे ते लिहीत होते. अष्टमीला होडी लागली, ओझी उतरली, वाहून न्यायला माणसे किंवा बैल मिळाले, वाट दाखवणारा मिळाला, कुणी अडवले नाही, जादा जकात मागितली नाही. तसे झाले नसते तर एखादी कडवट ओळ नक्की सापडली असती. म्हणजे ती कोरी जागा त्या वर्षीच्या कुंडलिकेच्या काठावरच्या कारभाराला मिळालेले एक लहानसे प्रशस्तिपत्र म्हणून वाचता येते. त्याहून अधिक भार तिच्यावर टाकू नये.

आपल्याकडच्यांनी परक्यांना पाहिले तेही याच पद्धतीने. रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रे साधारण 1715-16 ची. त्यांत टोपीकरांविषयी एक प्रसिद्ध प्रकरण आहे. हे लोक इतर सावकारांसारखे निव्वळ व्यापारी नव्हेत, यांच्यामागे यांचे यांचे राजे आहेत, हातात आलेली जागा मेले तरी सोडायचे नाहीत, यांचे बळ आरमारात आणि दारूगोळ्यात, म्हणून यांना खाडीच्या तोंडाशी किंवा किल्ल्याजवळ जागा देऊ नये, वखारीला द्यायचीच तर समुद्रापासून आत, पक्क्या इमारतीची परवानगी न देता, असा त्यांचा आशय. राजनीतीच्या दृष्टीने हे निरीक्षण अफाट आहे, पुढच्या शंभर वर्षांनी ते अक्षरशः खरे केले. पण टोपीकर काय खातात, कसे नमस्कार करतात, त्यांच्या बायका कुठे असतात, रविवारी ते काय करतात, यातले अमात्य काही सांगत नाहीत. ज्या माणसाने राज्याचा कारभार सांभाळला होता, त्याचे काम फक्त जागेवर अडत होते. खिचडीला नाक मुरडणारा इंग्रज आणि पक्क्या इमारतीला नकार देणारा अमात्य, दोघेही आपापल्या कामाच्या खिडकीतून बाहेर पाहत होते. फरक इतकाच की अमात्यांची खिडकी मोठी होती.

पेण, रोहे, अष्टमी, अलिबाग या पट्ट्यात याहून जुना आणि बोलका पुरावा आहे बेने इस्रायल समाजाचा. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले आणि सात जोडपी वाचली. त्यांचा धंदा तेलाचा. भाषा मराठी, नेसणे इथलेच, आडनावे गावांवरून आलेली : पेणकर, रोहेकर, अष्टमकर, केहिमकर. शेजाऱ्यांनी त्यांच्यात कोणता वेगळेपणा टिपला? ते शनिवारी घाणा चालवत नाहीत. म्हणून ते शनवार तेली. त्यांची सुंता, त्यांच्या खाण्यातले विधिनिषेध, त्यांचे उपास हे शेजाऱ्यांना माहीत नव्हते असे नाही, पण गावाने नाव दिले ते ज्या दिवशी तेल मिळत नव्हते त्या दिवसावरून. त्यांच्याच परंपरेत डेव्हिड राहबी नावाच्या यहुदी प्रवाशाची कथा आहे. हे लोक खरोखर यहुदी आहेत का हे पाहण्यासाठी त्याने बायकांना मिसळीची मासळी रांधायला दिली. त्यांनी पर आणि खवले असलेली मासळी वेगळी काढली, बाकीची रांधायला नकार दिला, आणि त्याची खात्री पटली. त्याच्या काळाबद्दल मते फार वेगवेगळी आहेत, कुणी त्याला हजार वर्षांमागे नेतात तर कुणी अठराव्या शतकात आणतात. कथा म्हणूनही ती सांगते ते पुरेसे आहे : धर्म तपासायला आलेल्याला मासळीच्या टोपलीत धर्म दिसला. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आले, 1829 पासून मुंबईत राहिले. त्यांनी या समाजाबद्दल व्याख्याने दिली, लिहिले, आणि त्यांना ठळकपणे जाणवले ते हिब्रू धर्मग्रंथांचे नसणे. पुस्तक घेऊन आलेल्याला पुस्तकाची उणीव दिसली. घाणा, टोपली, पोथी : एकच समाज आणि त्याचा वेगळेपणा तीन ठिकाणी सापडला. हैम सॅम्युअल केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास आतून लिहिला, तेव्हा कुठे या तिन्ही गोष्टी एका घरातल्या आहेत हे वाचकाला कळले.

इंग्रजांचे राज्य आल्यावर पाहणाऱ्याचे काम बदलले आणि त्यासरशी दिसणारे पेणही बदलले. खाडीला बांध घालून काढलेली खारजमीन, तिच्यावरची शिलोत्री वहिवाट, बांधाच्या दुरुस्तीसाठी कुळाने द्यायचा धान्याचा वाटा, आगरी कुटुंबे चालवत असलेली मिठागरे, ही सगळी माहिती 1883 च्या कुलाबा गॅझेटियरच्या वेळेपर्यंत सरकारी कागदांत बारकाईने उतरली. शेतसारा आणि मिठावरचा कर यांची ती गरज होती. आज खारबंदिस्तीच्या इतिहासावर काम करणाऱ्याला याच कागदांशिवाय गत्यंतर नाही, तेव्हा कामापुरते पाहणे म्हणजे खोटे पाहणे असे समजायचे कारण नाही. उलट कामापुरता पाहणारा मोजून पाहतो. फक्त त्याने जे मोजले तेवढेच गाव होते, असा समज वाचकाने करून घेऊ नये. याला न बसणारी एक गोष्टही इथे आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते, आणि ही प्रथा ब्रिटिश अमदानीपासूनची. उत्सवाचा बंदोबस्त सोपा जावा म्हणून सरकारने देवाला सलामी दिली, असा हिशेब मांडता येईल, पण तो ओढूनताणून आणलेला होईल. राज्यकर्ते कधी कधी इथे राहून राहून इथले होतात, एवढे म्हणून ही गोष्ट बाजूला ठेवणे बरे.

सुट्टीवरचा प्रवासी मात्र कामावर नसतो. त्याचे काय? इथेही उदाहरण घरचेच आहे. 1828 मध्ये सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला हवा खाण्याचे ठिकाण वसवले. घाटात रेल्वे येण्यापूर्वी मुंबईचे गोरे साहेब आणि मडमा उन्हाळ्यात तिकडे जायचे ते बहुधा नागोठण्यावरून. तेव्हा नागोठणे पेण तालुक्यात मोडायचे, आज ते रोहा तालुक्यात आहे. मुंबईहून होडीने धरमतरच्या खाडीत शिरायचे, भरती असेल तर अंबा नदीवर थेट नागोठण्याला, नसेल तर चिखलात खोळंबा. तिथून मेण्याने किंवा घोड्यावर महाड, पोलादपूर आणि मग घाट. या लोकांना कसलाही तह करायचा नव्हता, फक्त हवा पालटायची होती. तरी त्यांच्यासाठी लिहिलेल्या माहितीत नागोठणे येते ते भरतीची वेळ, मेण्याचे भोई आणि मुक्कामाचा बंगला यांच्या निमित्ताने. गावाशेजारी अंबेवर सोळाव्या शतकातला जुना दगडी पूल आहे. चौलच्या एका काझीने तो बांधला असे सांगतात. भोयांची वाट पाहत बसलेल्या माणसाला त्याचे कौतुक करायला भरपूर वेळ होता. पण रिकामा वेळ म्हणजे पाहण्याची इच्छा नव्हे. सुट्टीवर निघालेल्याचेही एक काम असते, वेळेवर पोचण्याचे. 1863 मध्ये भोर घाटातून रेल्वे पुण्याला पोचली, हळूहळू महाबळेश्वरची वाट पुण्याकडून वळली, आणि नागोठण्याचे भोई, त्यांच्याबद्दलच्या तक्रारी आणि त्या तक्रारींतून कळणारे गाव, सगळेच इंग्रजी लिखाणातून विरत गेले.

आता वाट पुन्हा याच गावांवरून गेली आहे. पळस्पे ते इंदापूर रस्ता रुंद करण्याचे काम 2011 मध्ये सुरू झाले आणि दशकभराहून अधिक काळ रखडत राहिले. त्या वर्षांत गणपतीला गावी निघालेल्या मुंबईकर चाकरमान्याला विचारले असते की पेणहून पुढे काय काय लागते, तर त्याने वडखळ, नागोठणे, कोलाड ही नावे न अडखळता सांगितली असती, आणि त्यातल्या प्रत्येक ठिकाणी तो किती तास थांबला होता तेही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांच्या रांगा, अंबेवरचा तो पूल, कुंडलिकेपलीकडची अष्टमी, यांच्याविषयी विचारले असते तर तो बहुधा गप्प बसला असता.